उपचार नाकारले तर भरपाई बुडते का? ईएसआय, नुकसानभरपाई कायदा आणि अपघात विमा काय सांगतात

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेच्या एखाद्या शेडमध्ये प्रेसखाली हात सापडतो. कंपनीची गाडी कामगाराला दवाखान्यात पोचवते. डॉक्टर एक्स-रे बघतात आणि सांगतात, ऑपरेशन करून सळई घालावी लागेल. तोवर गावाकडची मंडळी येऊन धडकलेली असतात. "कापाकापी नको, आमच्याकडचा हाडवैद्य चांगला आहे," असं कोणीतरी म्हणतं. एका छापील कागदावर सही होते आणि रुग्ण गावी जातो. चार महिन्यांनी हात वाकडा जुळलेला असतो, मूठ वळत नाही. मग भरपाईचे कागद सुरू होतात आणि टेबलापलीकडून पहिला प्रश्न येतो, "उपचार अर्धवट का सोडले?"

सीमाभागातल्या कारखान्यांना, गोव्यातल्या वेर्णा-कुंडईला, कोल्हापूरच्या गोकुळ शिरगावला किंवा बडोद्याच्या मकरपुऱ्याला हे दृश्य नवं नाही. उपचार घ्यायचे की नाही हा रुग्णाचा हक्क आहे. पण त्या निर्णयाचा अपंगत्वाच्या पैशांवर परिणाम होतो आणि तो प्रत्येक कायद्यात वेगळा आहे. कुठे हप्ता थांबतो, कुठे रक्कम घटते, तर कुठे दावाच वादात सापडतो. कुठे काय होतं, ते या लेखात क्रमाने दिलं आहे.

आधी आपण कोणत्या छत्रीखाली आहोत ते बघा

कामावर अपघात झाला की भरपाईचे दोन मुख्य मार्ग असतात.

पहिला मार्ग कर्मचारी राज्य विमा योजनेचा, म्हणजे सगळे ज्याला ईएसआय म्हणतात तिचा. साधारणपणे दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेली आस्थापना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार या योजनेत येतो. अपंग कामगारांसाठी ही पगारमर्यादा २५,००० आहे. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पगाराच्या स्लिपवर ही कपात दिसली की समजायचं, आपण ईएसआयमध्ये आहोत.

दुसरा मार्ग कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ चा. ईएसआय लागू नसलेल्यांसाठी तो आहे. यात पैसे द्यायची जबाबदारी थेट मालकाची असते. मालकाने विमा उतरवला असेल तर प्रत्यक्षात विमा कंपनी देते.

दोन्हीकडून एकाच अपघाताची भरपाई मिळत नाही. ईएसआय कायद्याच्या कलम ५३ नुसार विमाधारक कामगाराला कामावरच्या इजेसाठी मालकाकडून १९२३ च्या कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येत नाही. त्यामुळे उपचार नाकारल्याचा परिणाम कोणत्या नियमाने मोजायचा, हेही यावरूनच ठरतं.

एक बदल लक्षात ठेवायला हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हे दोन्ही कायदे तिच्यात सामावले गेले. कलमांचे क्रमांक बदलले, पण वैद्यकीय तपासणी आणि उपचार यांबाबतची तत्त्वं तीच राहिली. त्याआधीच्या अपघातांचे दावे जुन्या कायद्यानेच चालतात. कारण भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच उभा राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच स्पष्ट केलं आहे. कोर्टकचेरीत आणि दवाखान्यात अजून जुनीच कलमं तोंडी असल्याने खाली तेच क्रमांक दिले आहेत.

ईएसआय: हप्ता चालू असेल तर उपचारही चालू हवेत

कामावरच्या अपघाताने कामगार तात्पुरता कामाला अक्षम झाला, तर ईएसआयकडून सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के दराने पैसे मिळतात. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस ही अक्षमता असावी लागते. डॉक्टर जितके दिवस अक्षम म्हणून प्रमाणपत्र देतील तितके दिवस हा लाभ चालतो. साध्या आजारपणाचा लाभ वेगळा आहे. तो ७० टक्के दराने आणि वर्षात ९१ दिवसांपर्यंतच मिळतो.

हे पैसे घेणाऱ्यावर कलम ६४ ने चार अटी घातल्या आहेत.

१. ईएसआयच्या दवाखान्यात, रुग्णालयात किंवा योजनेने नेमून दिलेल्या ठिकाणी उपचाराखाली राहायचं आणि तिथल्या डॉक्टरांच्या सूचना पाळायच्या.

२. उपचार चालू असताना बरं होण्याला बाधा येईल असं काही करायचं नाही.

३. उपचार जिथे चालू आहेत तो भाग परवानगीशिवाय सोडायचा नाही.

४. महामंडळाने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी करून घ्यायची.

यातली एखादी अट मोडली तर योजनेच्या १९५० च्या विनियमांनुसार आजारपणाचा किंवा तात्पुरत्या अक्षमतेचा लाभ काही दिवसांसाठी स्थगित करता येतो. किती दिवस ते अधिकृत अधिकारी ठरवतो. इथे शब्द 'स्थगित' आहे, 'रद्द' नाही. समजा कामगाराची सरासरी रोजंदारी ६०० रुपये आहे. त्याला दिवसाला ५४० रुपये मिळतात. दहा दिवस लाभ थांबला तर ५,४०० रुपये गेले. हातावर पोट असलेल्या घरात हा महिन्याचा किराणा आहे.

पण याच कलमात एक महत्त्वाचा अपवाद आहे. कायमच्या अपंगत्वाचा लाभ घेणाऱ्याला या अटी लागू नाहीत. वैद्यकीय मंडळाने एकदा कायम अपंगत्व ठरवलं, कमाईची क्षमता किती टक्के गेली ते लिहिलं आणि मासिक रक्कम सुरू झाली की 'अजून एक ऑपरेशन करून घ्या, नाहीतर पैसे बंद' असं या कलमाचा आधार घेऊन म्हणता येत नाही. मात्र मंडळाचं मूल्यांकन कधी कधी तात्पुरतं असतं आणि पुन्हा तपासणीला बोलावलं जातं. त्या बोलावण्याला गैरहजर राहणं महागात पडतं. तपासणीला जाणं आणि ऑपरेशनला होकार देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली टाळू नये, दुसरीवर विचार करायला वेळ मागता येतो.

१९२३ चा कायदा: तपासणी नाकारली तर हक्क थांबतो

ज्यांना ईएसआय नाही त्यांच्यासाठी कलम ११ हे सगळ्यात महत्त्वाचं. मराठीत ते फारसं कोणी समजावून सांगत नाही, म्हणून थोडं सावकाश बघू.

कामगाराने अपघाताची सूचना दिल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाने स्वतःच्या खर्चाने पात्र डॉक्टरकडून तपासणी करून देण्याची तयारी दाखवली, तर कामगाराने तपासणीला जायला हवं. पंधरवड्याचे हप्ते चालू असतील तर पुढेही वेळोवेळी बोलावलं की जायला हवं. कामगाराने नकार दिला किंवा अडथळा आणला तर तो नकार टिकून असेपर्यंत भरपाईचा हक्क स्थगित राहतो. 'पुरेसं कारण' असेल तर मात्र नाही. तापाने फणफणलेला, दुसऱ्या दवाखान्यात दाखल असलेला किंवा ज्याला निरोपच मिळाला नाही, अशा माणसाला नकार दिला म्हणून अडवता येत नाही.

याच कलमात आणखी एक उपकलम आहे आणि सीमाभागातल्या कामगारांनी ते ध्यानात ठेवावं. तपासणीची ही मुदत संपण्याआधी कामगार तपासणी न करता आपणहून कामाच्या ठिकाणचा परिसर सोडून गेला, तर तो परत येऊन तपासणीला हजर होईपर्यंत हक्क थांबतो. मधल्या काळाचे पैसे नंतर मिळत नाहीत. बेळगावला अपघात झाला आणि त्याच संध्याकाळी माणूस चंदगड तालुक्यातल्या गावी निघून गेला की नेमकं हेच कलम पुढे केलं जातं.

हक्क असा थांबलेला असतानाच कामगाराचा मृत्यू झाला तर वारसांचं काय? त्यासाठीही तरतूद आहे. आयुक्तांना योग्य वाटलं तर ते वारसांना भरपाई देण्याचा आदेश देऊ शकतात.

उपचार नाकारले तर 'असायला हवं होतं तेवढंच' अपंगत्व

तपासणीपेक्षा उपचारांचा नियम वेगळा आहे. तो कलम ११ च्या सहाव्या उपकलमात आहे. मालकाने डॉक्टरची सेवा मोफत देऊ केली, कामगाराने ती नाकारली किंवा स्वीकारून मुद्दाम सूचना पाळल्या नाहीत आणि त्यामुळे इजा वाढली, तर भरपाई प्रत्यक्ष अपंगत्वावर मिळत नाही. नीट उपचार घेतले असते तर जेवढं अपंगत्व राहिलं असतं, तेवढंच धरून हिशेब होतो.

आता आकड्यांत बघू. आठ माणसांचं एक वर्कशॉप आहे, तिथे ईएसआय नाही. ४० वर्षांच्या कामगाराचा पगार १८,००० रुपये. २०२४ मध्ये त्याची तर्जनी चिरडली. कायद्याच्या हिशेबात पगार जास्तीत जास्त १५,००० धरला जातो. ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. चाळिशीचा गुणक १८४.१७. गुणाकार येतो १६,५७,५३० रुपये. शंभर टक्के कायम अपंगत्व धरलं तर ही रक्कम होते.

पूर्ण तर्जनी गेली तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कमाईक्षमतेचं नुकसान १४ टक्के आहे. म्हणजे भरपाई २,३२,०५४ रुपये. पण कामगाराने ड्रेसिंग आणि औषधं सोडली, जखम चिघळली आणि शेवटी पंजा काढावा लागला, असं समजू. पंजा गेल्याचं नुकसान अनुसूचीत ६० टक्के आहे. त्या हिशेबाने ९,९४,५१८ रुपये होतात. मालकाने सहावं उपकलम सिद्ध केलं तर कामगाराला २,३२,०५४ रुपयांवरच थांबावं लागेल. फरक ७,६२,४६४ रुपयांचा. पंजा तर गेलाच, वर हेही गेले.

म्हणून हे सिद्ध कोणी आणि काय करायचं, हे माहीत असणं कामाचं. जबाबदारी मालकावर किंवा त्याच्या विमा कंपनीवर असते. नुसतं 'त्याने ऐकलं नाही' म्हणून भागत नाही. त्यांना या गोष्टी दाखवाव्या लागतात:

- पात्र डॉक्टरची सेवा खरोखर आणि मोफत देऊ केली होती.
- कामगाराने ती नाकारली, किंवा स्वीकारून सूचना मुद्दाम धुडकावल्या.
- त्यानंतर कामगाराने दुसऱ्या कुठल्याही पात्र डॉक्टरकडे नियमित उपचार घेतले नाहीत, किंवा घेतले तरी त्याच्याही सूचना मुद्दाम पाळल्या नाहीत.
- हे वागणं त्या परिस्थितीत अवाजवी होतं आणि त्यामुळेच इजा वाढली.

यातला तिसरा मुद्दा कामगाराच्या बाजूचा आहे. कंपनीच्या डॉक्टरकडेच गेलं पाहिजे असं कायदा म्हणत नाही. आपल्या विश्वासाच्या नोंदणीकृत डॉक्टरकडे नियमित गेलं, त्याचं ऐकलं आणि कागद जपले, तर हे उपकलम लागत नाही. अडचण येते ती हाडवैद्याच्या बाबतीत. कायद्याला 'पात्र' म्हणजे वैद्यकीय व्यावसायिकांच्या नोंदवहीत नाव असलेला माणूस लागतो. पिढ्यान्‌पिढ्या हाडं बसवणाऱ्याचा हात कितीही चांगला असला तरी त्याच्याकडे नोंदणी नसेल तर त्याच्या उपचारांचा इथे उपयोग होत नाही.

प्रत्येक नकार अवाजवी नसतो

'अवाजवी' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत आणि ती संमती धोके, फायदे व पर्याय समजल्यानंतरच खरी धरली जाते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात सविस्तर सांगितलं आहे. पैशांचा कायदा या हक्कावर कुरघोडी करत नाही. तो फक्त एवढंच विचारतो, की शहाणा माणूस अशा परिस्थितीत असाच वागला असता का?

मधुमेह किंवा हृदयविकार असल्याने भूल देण्याचा धोका मोठा आहे, ऑपरेशनने बरं होण्याची खात्री डॉक्टर स्वतःच देत नाहीत, दोन डॉक्टरांची मतं वेगळी आहेत, आधीचं ऑपरेशन फसलं आहे, किंवा ऑपरेशनशिवायचा मान्य उपचार चालू आहे, अशा कारणांना वजन असतं. 'खर्च परवडला नाही' हेही कारण होऊ शकतं, पण उपचार मोफत देऊ केलेले नसतील तरच. साधं ड्रेसिंग, प्लास्टर, इंजेक्शन, फिजिओथेरपी यांना 'नको' म्हणण्याचं कारण पटवून देणं मात्र अवघड जातं. सीमाभागात सर्वांत जास्त सुटते ती फिजिओथेरपीच. प्लास्टर निघालं की माणूस स्वतःला बरा समजतो, सांधा मात्र आखडत जातो.

अपंगत्व मोजताना माणसाचं कामही बघितलं जातं. डावा हात कोपराच्या वर गमावलेला सुतार यापुढे सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याचं नुकसान शंभर टक्के धरावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा सत्तरच्या दशकातला निकाल आजही दाखला म्हणून दिला जातो. त्यामुळे उपचार सोडल्याचा ठपका हा नुसता टक्क्यांचा वाद राहत नाही. माणूस पुन्हा आपल्या कामावर उभा राहू शकला असता का, इथपर्यंत तो जातो.

खासगी अपघात विमा आणि बँकेतला वीस रुपयांचा विमा

खासगी पॉलिसी हा करार असतो. तिथे कलम ११ किंवा ६४ नाही, पॉलिसीतल्या अटी असतात. बहुतेक अपघात पॉलिसींमध्ये दोन गोष्टी सापडतात: अपघातानंतर लवकरात लवकर पात्र डॉक्टरचा सल्ला घेऊन तो पाळायचा आणि कंपनीच्या डॉक्टरला तपासणी करू द्यायची. विमा नियामकाने एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना 'सरल सुरक्षा बीमा' ही एकसारखी अपघात पॉलिसी विकायला लावली. तिच्यात कायम अपंगत्व अपघातापासून १२ महिन्यांच्या आत आलेलं असावं लागतं. उपचार टाळत वर्ष काढलं आणि नंतर हात निकामी झाला तर तारखेवरूनच दावा अडतो.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला २० रुपये जातात आणि १८ ते ७० वयाच्या खातेदाराला संरक्षण मिळतं. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय गेले, अथवा एक डोळा आणि एक हात किंवा पाय गेला, तर दोन लाख. एका डोळ्याची दृष्टी किंवा एक हात अथवा पाय गेला तर एक लाख. दृष्टीच्या बाबतीत ती 'पूर्ण आणि परत न येणारी' गेलेली असावी लागते. उपचाराने दृष्टी परत येण्यासारखी होती, पण रुग्णाने ऑपरेशन नाकारलं, असं केसपेपरवर असेल तर वाद इथूनच सुरू होतो. डोळ्याच्या डॉक्टरकडून 'आता उपचाराने सुधारणा शक्य नाही' असं स्पष्ट लिहून घेतलेलं प्रमाणपत्र अशा वेळी उपयोगी पडतं.

दावा नाकारण्यासाठी कंपनी पॉलिसीतल्या एखाद्या वगळणुकीचा आधार घेत असेल, तर ती वगळणूक लागू होते हे सिद्ध करणं कंपनीचं काम आहे. न्यायालयांनी हे वारंवार सांगितलं आहे. म्हणून 'उपचार न घेतल्याने दावा नामंजूर' एवढ्या एका ओळीच्या पत्रावर गप्प बसू नये. पॉलिसीतली कोणती अट, ती लेखी विचारावी.

रस्त्यावरचा अपघात

मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन गोष्टी वेगवेगळ्या बघितल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या निकालात हा फरक नीट मांडला आहे. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत डॉक्टरला विचारतो, "ऑपरेशन केलं असतं तर सुधारणा झाली असती ना?" उत्तर 'हो' आलं की कमाईच्या नुकसानाचे टक्के खाली ओढायचा प्रयत्न होतो. पैशांअभावी ऑपरेशन राहिलं असेल तर ते लपवू नये. पुढच्या उपचारांचा खर्च हाही भरपाईचा भाग आहे, डॉक्टरचं अंदाजपत्रक जोडून तो मागता येतो.

मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंत. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत पैशांअभावी उपचार सोडण्याची वेळ शक्यतो येऊ नये.

घरातून कामावर जाता-येताना झालेला अपघातही ईएसआयमध्ये बसू शकतो. २०१० च्या दुरुस्तीने ही सोय झाली. रोज चंदगडहून बेळगावला किंवा सावंतवाडीहून गोव्याला ये-जा करणाऱ्यांना ती लागू पडते. अट एवढीच, की अपघाताची वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दिसला पाहिजे.

सहीचा कागद आणि त्याची भाषा

दवाखाना सोडताना ज्या कागदावर सही घेतात तो 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज'चा असतो. दवाखान्यातली मंडळी त्याला 'लामा' म्हणतात. पुढच्या वादात सगळ्यांत आधी हाच कागद बाहेर निघतो. बेळगावकडे तो कानडीत किंवा इंग्रजीत असतो, बडोद्याला गुजरातीत, इंदूरला हिंदीत. न वाचता सही करणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

सही करण्याआधी एवढं करावं:

- मजकूर मराठीत वाचून दाखवायला सांगावा. समजावून दिला नसेल तर तसं सहीखाली स्वतःच्या हाताने लिहावं.
- जाण्याचं कारण लिहावं. 'दुसऱ्या रुग्णालयात उपचारांसाठी जात आहे' हे एक वाक्यही कोऱ्या सहीपेक्षा पुष्कळ बरं.
- ऑपरेशन नको असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत लेखी घ्यावं. ईएसआयमध्ये तज्ज्ञाकडे पाठवायची विनंती दवाखान्यातल्या डॉक्टरकडे लेखी द्यावी.
- गावी जायचं असेल तर आधी ईएसआय डॉक्टरची परवानगी घ्यावी आणि गावाजवळच्या ईएसआय दवाखान्यात उपचार चालू ठेवण्याची सोय मागावी. योजना देशभर एकच आहे. मडगाव, इंदूरचं नंदानगर, हैदराबादचं सनतनगर, सगळीकडे तिची रुग्णालयं आहेत.
- मालकाला अपघाताची लेखी सूचना द्यावी, पोच घ्यावी. तपासणीसाठी कुठे हजर राहू शकतो तेही त्यात लिहावं.
- प्रत्येक चिठ्ठी, एक्स-रे, औषधाचं बिल आणि फिजिओथेरपीचं कार्ड तारखेप्रमाणे लावून ठेवावं.

सही होऊन गेली असेल तरी सगळं संपलं असं नाही. तपासणीचा नकार मागे घेऊन हजर झालं की त्या दिवसापासून हक्क पुन्हा सुरू होतो. उपचारही उशिरा का होईना, पात्र डॉक्टरकडे सुरू केले तर 'मुद्दाम टाळले' हा आरोप तेवढा सैल पडतो.

दाद कुठे मागायची

ईएसआयच्या वैद्यकीय मंडळाचा निर्णय पटला नाही तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण किंवा कर्मचारी विमा न्यायालयाकडे जाता येतं. लाभ स्थगित केल्याचं पत्र आलं तर शाखा कार्यालयाकडून कारण लेखी घ्यावं.

१९२३ च्या कायद्याखालचा दावा आयुक्तांपुढे अपघातापासून दोन वर्षांत करायचा असतो. तो अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असं नाही. कामगार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो. म्हणजे बेळगावात हात गमावलेला चंदगडचा कामगार कोल्हापूर जिल्ह्यात दावा लावू शकतो. खेटे वाचतात आणि कामकाजाची भाषाही आपली असते.

खासगी पॉलिसीसाठी आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. लोकपालाकडे फी लागत नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षात अर्ज करावा. कर्नाटकासाठी बेंगळुरू, गोवा आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गासाठी पुणे, मध्य प्रदेशासाठी भोपाळ, गुजरातसाठी अहमदाबाद आणि तेलंगणासाठी हैदराबाद अशी लोकपालांची कार्यालयं आहेत. ईएसआयच्या तक्रारी मात्र तिथे चालत नाहीत.

सुरुवातीच्या त्या वाकड्या जुळलेल्या हाताकडे पुन्हा बघितलं, तर चूक ऑपरेशन नाकारण्यात असेलच असं नाही. नकारामागचं कारण कुठेच लिहिलेलं नाही आणि त्यानंतर एकाही नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी नाही, ही खरी अडचण आहे. भरपाईचं गणित शेवटी कागदावर होतं. नकार द्यायचाच असेल तर तोही कारणासह कागदावर असू द्यावा.